किनिकचा शनिवार

मराठी वाचकाला आयोवा सिटी हे नाव बहुधा साहित्यातून ठाऊक असतं. इथल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात दिलीप चित्रे 1975 ते 1977 या काळात होते. आजही दर शरदात जगभरचे लेखक इथे येऊन राहतात. त्याच दिवसांत नदीच्या पश्चिमेला विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं किनिक स्टेडियम भरतं. गावाची वस्ती सुमारे 75 हजार आणि मैदानात माणसं मावतात 69 हजार. सामन्याच्या दिवशी एका गावाच्या जागी दोन गावं होतात.

मी सीडर रॅपिड्सला, अर्ध्या तासावर राहतो. आमचा वीकेंड शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो, कारण शुक्रवार शाळांच्या संघांचा. शनिवार कॉलेजांचा आणि रविवार व्यावसायिक संघांचा. या वाटणीला 1961 च्या एका कायद्याचा आधार आहे. हंगामात शुक्रवारी रात्री आणि शनिवारी व्यावसायिक लीग टीव्हीवरून शाळा-कॉलेजांच्या सामन्यांवर चालून आली, तर प्रक्षेपणाचे हक्क एकत्रित विकण्याची तिची सवलत तिथे लागू होत नाही. शिवाय आयोवा राज्यात त्या व्यावसायिक लीगचा संघच नाही. त्यामुळे इथला शेतकरी, शिक्षक, दुकानदार, कधी कॉलेजची पायरी न चढलेला माणूसही, ‘आमचा संघ’ म्हणतो तो विद्यापीठाच्या हॉकाइजना.

शनिवारी पहाटेच ट्रक येऊन लागतात. मागची फळी उघडायची, शेगडी पेटवायची, सॉसेज भाजायचे. सप्टेंबरात मक्याची कणसंही. सगळीकडे काळा आणि सोनेरी रंग. आमच्या रांगेत पुढे बसणाऱ्या आजोबांच्या घराण्याकडे त्या जागा तीन पिढ्या आहेत. पहिल्या वर्षी मला खेळातलं काही कळत नव्हतं, तेव्हा प्रत्येक डावाला मागे वळून त्यांनी मला समजावलं. चेंडू लंबगोल, हातात धरून पळायचं नाहीतर फेकायचा. चार प्रयत्नांत 10 यार्ड सरकलात की पुन्हा चार प्रयत्न. तीन फसले, तर चौथ्याला चेंडू बहुधा लाथेनं लांब उडवून समोरच्याच्या हवाली करायचा. ही लाथ म्हणजे पंट.

पंट म्हणजे एका अर्थी माघार. पण आयोवात पंटला टाळ्या पडतात. आमच्या संघाचा जीव बचावात आहे: समोरच्याला त्याच्याच टोकाशी कोंडायचं आणि तो चुकेपर्यंत धीर धरायचा. 2022 चा हंगाम आम्ही 7-3 असा जिंकून उघडला, तोही एकसुद्धा टचडाउन न करता, म्हणजे चेंडू एकदाही समोरच्याच्या टोकापार न नेता. 2023 मध्ये मेलबर्नहून आलेल्या टोरी टेलरनं हंगामात 4,479 यार्डांचे पंट मारून राष्ट्रीय विक्रम केला. बाहेरचे लोक या खेळाला कंटाळवाणा म्हणतात. मला तो शेतीच्या राज्याला शोभणारा वाटतो. खेळाडूंच्या हेल्मेटवर ‘अमेरिकेला शेतकरी हवेत’ या वाक्याच्या आद्याक्षरांची गोल चिकटपट्टी असते. 1985 साली शेतकरी कर्जात बुडत होते, जमिनी लिलावात जात होत्या, तेव्हा प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी ती लावली. ती आजही आहे.

स्टेडियमबाहेर नाइल किनिकचा पुतळा आहे. 1939 साली देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेला हा मुलगा अभ्यासातही पुढे होता, म्हणून पुतळ्याच्या हातात पुस्तकं आहेत आणि हेल्मेट पायाशी. युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना पारितोषिक स्वीकारताना तो म्हणाला होता की आपण युरोपच्या रणांगणावर नव्हे, इथल्या मैदानांवर लढलो याबद्दल देवाचे आभार. 2 जून 1943 रोजी नौदलाच्या सरावात त्याचं विमान व्हेनेझुएलाजवळच्या समुद्रात कोसळलं. तो 24 वर्षांचा होता. मैदानाकडे जाताना खेळाडू पुतळ्याच्या पायाशी असलेल्या त्या हेल्मेटला हात लावतात. देवळात शिरताना आपला हात आपोआप उंबऱ्याकडे जातो, तसा.

शेजारच्या मिनेसोटाशी आमची झुंज असते ती एका डुकरासाठी. महाराष्ट्र केसरीला चांदीची गदा, तसं इथे जिंकणाऱ्याला काशाचं 44 किलोचं डुक्कर मिळतं. त्याचं नाव फ्लॉइड ऑफ रोझडेल. लोक हसून सांगतात, पण त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही. 1934 च्या सामन्यात आयोवाचा कृष्णवर्णीय खेळाडू ऑझी सिमन्स याला मिनेसोटाच्या खेळाडूंनी इतकं बदडलं की त्याला पुन्हा पुन्हा मैदान सोडावं लागलं. पुढच्या वर्षी वातावरण इतकं तापलं की तणाव उतरावा म्हणून मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी आयोवाच्या गव्हर्नरांशी डुकराची पैज लावली. आयोवा हरलं आणि जिवंत डुक्कर पोहोचतं झालं. काशाचा पुतळा नंतरचा. दंगा टळला. सिमन्सची जखम मात्र एका गमतीदार चषकाआड झाकली गेली, आणि चषक उंचावताना त्याचं नाव घेतलं जावं असं मला दर वर्षी वाटतं.

आता पैसा फार आला आहे. 2024 पासून आमच्या गटात लॉस एंजेलिसपासून न्यू जर्सीपर्यंतची 18 विद्यापीठं आहेत. 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. ते योग्यच झालं. 69 हजार माणसं ज्यांच्यासाठी जमतात त्यांच्या हाती काही पडायलाच हवं. पण प्रक्षेपणाच्या करारांपायी कित्येक जुन्या शेजाऱ्यांचे सामने मोडले, ते दुखतं. मिनेसोटा अजून दर वर्षी आहे.

आणि सामन्याचा पहिला क्वार्टर, म्हणजे पाव भाग, संपला की ते होतं. रस्त्यापलीकडे विद्यापीठाचं बालरुग्णालय आहे. 2017 मध्ये ही नवी इमारत सुरू झाली आणि त्यातून थेट मैदान दिसू लागलं. आजारी मुलांकडे वळून सगळ्यांनी हात हलवावा, असं एका प्रेक्षक बाईंनी सुचवलं. त्याच वर्षीच्या 2 सप्टेंबरपासून ते सुरू आहे. अख्खं मैदान पाठमोरं होतं. पाहुण्यांचा संघ, पंच, बँड, सगळे खिडक्यांकडे हात करतात. रात्रीचा सामना असेल तर हातात मोबाइलचे दिवे असतात.

खालून मी कितीदा हात हलवला असेल, पण एकदा वरूनही पाहिलं. मित्राचा आठ वर्षांचा मुलगा तिथे दाखल होता. जाड काचेतून आवाज येत नाही. अवघी गर्दी एकदम वळली आणि हजारो हात नि:शब्द हलू लागले. त्यानं सलाइनची नळी सावरून दुसरा हात वर केला आणि खालचे हात थांबेपर्यंत तो हलवत राहिला. मग मला म्हणाला, “काका, आता आपण पंट मारणार ना?”

मारला. लांब गेला. तो काचेला नाक लावून चेंडू कुठे पडतो ते बघत होता.