ताम्रपटावरचे मुंबई बंदर

अंबाडी नाक्यावर भिवंडी, वाडा आणि वज्रेश्वरी या दिशांची वाहने एकत्र येतात. तेथील दुकानांत उतरणाऱ्या मालाचा माग काढत गेले, तर कितीतरी वस्तूंची वाट बंदरापाशी पोहोचते. ज्या मुंबई बंदराने व्यापारी घराण्यांच्या अनेक पिढ्या पोसल्या, त्याचे जुने रूप कसे होते?

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स यांनी ते जपून ठेवले आहे. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांना चित्रित करणारे हेच वेल्स. १७९१ व १७९२ या वर्षांत त्यांनी मुंबई बेट आणि परिसराची बारा दृश्ये रेखाटली; त्यांत बंदरही आहे. १७९५ मध्ये ठाण्यात त्यांचे निधन झाले. पुढे १८०० मध्ये ही दृश्ये लंडनमध्ये रंगीत अम्लरेखनांच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

अम्लरेखन म्हणजे धीराची कला. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देऊन सुईने रेषा ओढतात. पत्रा अम्लात बुडवला की उघड्या रेषा कोरल्या जातात. अम्लात अधिक वेळ राहिलेली रेषा गडद, कमी वेळ राहिलेली फिकी. जवळचे दोर आणि दूरचा किनारा यांतील अंतर त्यातूनच साधते. छाप उलटा उमटतो, म्हणून पत्र्यावर उजवे ते डावे काढावे लागते. एवढीही चूक झाली, तर ओळखीचा किनारा अनोळखी होतो.

या चित्रांचे मोल काळाने वाढवले. १८०३ च्या भीषण आगीत मुंबईच्या कोटातील मोठी वस्ती भस्मसात झाली. ही दृश्ये त्याआधीच्या मुंबईची आहेत. चित्रे रेखाटली जात होती, तेव्हा शेठ मोतीशा नऊ-दहा वर्षांचे होते. पुढे त्यांची जहाजे चीनपर्यंत गेली आणि त्या व्यापारातील धनातून भायखळ्याचे आदीश्वर मंदिर उभे राहिले.

असे चित्र पाहताना घाई करू नये. आधी क्षितिज पाहावे, मग डोलकाठ्या, मग पाण्यावरच्या लहान होड्या. मोठ्या जहाजांच्या मालकांची नावे इतिहासात राहतात. माल काठावर आणणाऱ्या नावाड्यांची राहत नाहीत. पेढीच्या वहीत रकमा उरतात, घाम उरत नाही. तो कधीकधी एखाद्या बारीक रेषेत उरतो.