पगाराची चिठ्ठी

आमच्या उरणात कारखाना आला तो बंदराच्या कितीतरी आधी. १९४१ साली स्थापन झालेल्या ग्राइंडवेल कंपनीने देशातला पहिला ग्राइंडिंग व्हीलचा कारखाना मोऱ्याला काढला. पुढे ओएनजीसी आली, बोकडविऱ्याचं वायू वीज केंद्र आलं, १९८९ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. त्या बंदरासाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढताना पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. म्हणून इथल्या नोकरीकडे मी उपकार म्हणून बघत नाही.

मी फिटर होतो, कायम नोकरीत. आता गावातली पोरं पगाराची चिठ्ठी दाखवायला येतात, जवळपास सगळी कंत्राटी. मी आधी मूळ पगार आणि महागाई भत्ता बघतो. पीएफचे बारा टक्के मुख्यतः त्यावर कापतात, तेवढेच मालकानेही भरायचे. हे दोन आकडे लहान ठेवून बाकी रक्कम इतर भत्त्यांत दाखवली, की एकूण पगार तोच दिसतो. पण पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही आटतात. पोरांना हे कुणी सांगतच नाही, याची मला चीड येते.

मग ओव्हरटाइम: कारखान्यात जादा तासाला दुप्पट दर, हा कायदा १९४८पासूनचा. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर? तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. तक्रार कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी करायची, हजेरीची नोंद आणि चिठ्ठ्यांच्या प्रती जोडून.