बाजू तेवढ्याच, मग प्लॉट कमी कसा भरतो?

'चाळीस बाय तीसचा प्लॉट' म्हटले की १२०० चौरस फूट, असा हिशेब लगेच केला जातो. टेप लावून चारही बाजू बरोबर भरल्या, तरी क्षेत्रफळ तेवढेच असेल असे नाही. याचे कारण शाळेच्या भूमितीतल्या 'लगतच्या बाजूं'मध्ये आहे.

लगतच्या बाजू म्हणजे काय?
चौकोनाच्या ज्या दोन बाजूंचा एक शिरोबिंदू सामाईक असतो, त्या लगतच्या बाजू. चौकोन अबकड घेतला, तर अब आणि बक या बाजू ब या कोपऱ्यात मिळतात. अशा एकूण चार जोड्या होतात. अब आणि कड मात्र कुठेच मिळत नाहीत. त्या संमुख, म्हणजे समोरासमोरच्या बाजू. त्यांच्या जोड्या दोनच.

मेख कुठे आहे?
त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की आकार पक्का होतो. चौकोनाचे तसे नाही. चार पट्ट्या खिळ्यांनी जोडून चौकट केली आणि एका बाजूने दाबली, तर ती कलते. पट्ट्यांची लांबी तीच राहते, पण लगतच्या बाजूंमधला कोन बदलतो आणि आतली जागा कमी होते.

४० आणि ३० फुटांच्या बाजू काटकोनात असतील, तर क्षेत्रफळ १२०० चौरस फूट. त्याच बाजू ६० अंशांत मिळाल्या, तर सुमारे १०३९. म्हणजे १६१ चौरस फुटांची तूट. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा; म्हणजे कललेला प्लॉट गुंठाभरही नाही.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'त हेच बजावले होते. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी चांगलेच फटकारले आहे.

तपासायचे कसे?
- समोरासमोरच्या बाजू समान असतील, तर दोन्ही कर्ण मोजा. ४० बाय ३०च्या आयतात दोन्ही ५० फूट भरतात. ६० अंशांच्या प्लॉटमध्ये एक सुमारे ३६, तर दुसरा ६१ फूट भरतो.
- कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ फुटांवर आणि लगतच्या बाजूवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधले अंतर ५ फूट असेल, तर कोपरा काटकोनात आहे.
- प्लॉट वाकडातिकडा असेल, तर एका कर्णाने त्याचे दोन त्रिकोण पाडा. दोघांच्या क्षेत्रफळांची बेरीज करा.

थोडक्यात, व्यवहाराआधी चार बाजूंबरोबर पाचवे माप, म्हणजे कर्ण, घ्यायलाच हवे.