कालची सून, आजची सासू – आणि हातात लेखणी!

सासू-सुनेची गोष्ट कुणाच्या बाजूनं सांगायची, हा प्रश्न आपल्या घराघरात असतोच. सून सांगते तेव्हा सासू कजाग ठरते. सासू सांगते तेव्हा सून आगाऊ! पण एकाच गोष्टीत आधी सून आणि पुढे सासू व्हायला मिळालं, आणि गोष्ट लिहिण्याचं कामही आपल्याकडेच आलं तर? मृणाल देव-कुलकर्णी यांच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

१९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘स्वामी’ मालिका लागायची. रणजित देसाईंच्या कादंबरीवरची ती मालिका. रवींद्र मंकणींचे माधवराव आणि नाकात नथ घातलेली, खाली मान घालून हळूच हसणारी रमा. ती कोवळी रमा म्हणजे मृणालताई. पुढे ‘सोनपरी’ने त्या बाळगोपाळांच्या लाडक्या झाल्या. नवऱ्यानं फसवल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहणारी ‘अवंतिका’ तर आपल्यापैकी कित्येकींनी हातातलं काम टाकून पाहिली. ‘राजा शिवछत्रपती’त त्या जिजाऊ झाल्या. जीवधनच्या पायथ्याच्या घाटघरपासून जुन्नरपर्यंतच्या मैत्रिणींना त्या मालिकेचं कौतुक अंमळ जास्तच! शिवनेरी आपल्या तालुक्यातला आणि शिवराय झालेले अमोल कोल्हेही नारायणगावचे.

इतकं नाव झाल्यावर कुणीही म्हणेल, आता आणखी काय हवं? पण नटीला दुसऱ्यानं लिहिलेलंच बोलावं लागतं. कुठला प्रसंग दाखवायचा, कुठला गाळायचा, कुणाला बोलू द्यायचं, हे पटकथा लिहिणारा ठरवतो. थोडक्यात, ती वाढणारी आणि हा बेत ठरवणारा!

मृणालताईंनी बेतही आपल्या हाती घ्यायचं ठरवलं. शब्दांचं बाळकडू घरचंच होतं. गो. नी. दांडेकर त्यांचे आजोबा आणि वीणा देव त्यांच्या आई. गोनीदांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन या कुटुंबानं वर्षानुवर्षं केलं. २०१३मध्ये त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट आला, ‘प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं’. २०१४मध्ये ‘रमा माधव’ आला. दिग्दर्शनाबरोबर पटकथाही त्यांचीच.

या वेळी रमा झाली पर्ण पेठे, माधवराव झाले आलोक राजवाडे. आणि मृणालताई? त्या झाल्या गोपिकाबाई, म्हणजे रमेच्या सासूबाई!

गोपिकाबाई म्हटलं की करारी, कडक सासू एवढंच आपल्याला आठवतं. पण १७६१ हे साल त्या बाईला कसं गेलं असेल? जानेवारीत पानिपतावर थोरला मुलगा विश्वासराव पडला. त्याच्या धक्क्यानं खचलेले नानासाहेब जूनमध्ये गेले. धाकटा माधव सोळाव्या वर्षी पेशवा झाला. पुढे त्याच्याशीही बिनसलं आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. १७७२मध्ये थेऊरला क्षयानं माधवराव गेले, रमाबाई सती गेल्या. सून गेली त्याच दिवशी आईचाही मुलगा गेला होता, हे किती जणींच्या लक्षात येतं?

विलायतेतही अशीच एक आहे. टीव्ही मालिकांतून पुढे आलेल्या एमा थॉम्पसननं जेन ऑस्टिनच्या कादंबरीवरून पटकथा लिहिली, त्याच चित्रपटात थोरल्या बहिणीचं कामही केलं आणि १९९६मध्ये त्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवलं.

मृणालताईही तिथेच थांबल्या नाहीत. २०२२मध्ये त्यांनी ‘सहेला रे’ केला, तो संसारात मुरलेल्या, स्वतःला थोडी विसरलेल्या बाईची गोष्ट सांगणारा. वय वाढलं की नायिकेच्या भूमिका आटतात, अशी रड सिनेमात नेहमीची. पण वाढत्या वयाबरोबर सांगण्यासारखंही वाढतं की!

तेव्हा मैत्रिणींनो, ‘रमा माधव’ पाहिला असेल तरी पुन्हा एकदा पाहा, या खेपेला गोपिकाबाईंवर नजर ठेवून. आणि जमलं तर सासूबाईंच्या शेजारी बसून!