ओठाची रुजवात

गारगोटीच्या बाजारात तंबाखूचा बार कसा भरतात, हे एकदा निवांतपणे पाहावे: तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखावरचा चुना, अंगठ्याची दहापाच आवर्तने, दोन थापा, आणि मग खालचा ओठ पुढे ओढून त्याच्या खोबणीत बसविलेला तो बार, जो बोलणेचालणे चालू असता तासभर तेथेच मुक्काम ठोकतो. वर्षानुवर्षांच्या या मुक्कामाने ओठाच्या आतील अस्तर पांढुरके व सुरकुतलेले होते. बाहेरची कड वेदगंगेकाठच्या शेतात सोसलेल्या उन्हाने खरखरीत होऊन ओठ व कातडी यांमधील रेषा पुसट होते. बहुधा दोन्ही दुखत नाहीत, हीच त्यांची लबाडी. अशा बहुतेक चट्ट्यांचा कर्करोग होत नाही. परंतु कोणाचा होईल हे एका पाहणीत कळत नसल्यामुळे पाळत ठेवणे प्राप्त होते.

डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासात महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी होती. त्यासाठी तपासनीसांना गावोगाव हिंडावे लागले. २०१९ पासूनच्या ई-संजीवनीसारख्या दूरस्थ वैद्यकीय सेवांमुळे आता ओठाचे चित्रच डॉक्टरांकडे जाऊ शकते. मात्र ते चित्र दप्तरी ठेवण्याजोगे हवे: चूळ भरून, ओठ उलटा करून, ओल टिपून, खिडकीच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून घेतलेले आणि तारीख घातलेले. (पुतण्याच्या मोबाईलमधील चेहरा गोमटा करणारी सोय आधी बंद करावी, ती खरखरीत ओठही गुळगुळीत करून दाखविते.) पुढच्या खेपेच्या चित्राशी त्याची रुजवात घातली, की चट्टा पसरला काय, पांढऱ्यात लाल ठिपके उमटले काय, भेग पडली काय, याचा तपास दूर बसलेल्या दंतवैद्यालाही लागतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम मात्र पुढच्या चित्राची वाट पाहत ठेवू नये.

कॅमेऱ्याला बोट नाही. चट्ट्याखालचा कठीणपणा चाचपूनच कळतो. म्हणून दुरून कोणी निर्दोषपणाचा दाखला देऊ लागला तर तो घेऊ नये. संशय येताच सुमारे ५० किलोमीटरवरच्या कोल्हापूरची एस.टी. धरावी लागली तरी धरावी, कारण तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून निदान पक्के होत नाही. आणि तो तुकडा चट्ट्याच्या कोणत्या भागातून काढावा, हे ठरविताना सर्जनला मोबाईलमधील त्या तारीखवार चित्रांचा आधार होतो.