परवा पोळा

श्रावण संपत आलाय. सकाळी एक सर येऊन गेली, आता ऊन आणि उकाडा. मराठवाड्यातली दोन खोल्यांची जिल्हा परिषद शाळा. व्हरांड्यात पत्र्याखाली हवा हलत नाही. मधोमध पोतं अंथरलंय, पोत्यावर काळ्या मातीचा ढीग. परवा पोळा आहे, आणि आज बैल घडणार आहेत.

माती पोरांनीच ओढ्याकाठून आणली, खडे वेचले, रात्रभर भिजत घातली. आता चौथीवाले ती तुडवतायत. पाय उचलला की पचक् आवाज होतो आणि पहिलीची रांग खिदळते. रांग गोळ्यासाठी आहे. एकेकाला ओंजळभर. ज्याला मिळतो तो आधी नाकाशी नेतो, मग जागा शोधतो.

मॅडम राखेचा डबा आणतात. काळी माती वाळताना आक्रसते, भेगाळते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. म्हणून मळताना चुलीतली राख आणि थोडी बारीक वाळू.

"किती घालायची मॅडम?"

"हाताला विचार. चिकटायची थांबली की पुरे."

सगळा वर्ग पायांपाशी अडतो. धड जड, पाय बारीक. बैल बसकण मारतात. एकीचा तर तिसऱ्यांदा बसलाय.

"माझा उभाच राहीना ओ, मॅडम!"

मॅडम तिच्याशेजारी मांडी घालून बसतात. तिच्या बैलाला हात लावत नाहीत. ढिगातून वेगळी माती घेतात. एक धड, एक पाय. जोडायच्या दोन्ही जागी काडीने ओरखडे काढतात, मध्ये पातळ चिखल भरतात, अंगठ्याने दाबतात. पाय धरून बसतो. मग आपलं काम मोडून पुन्हा ढिगात टाकतात. मुलगी डोळे मोठे करून बघत असते. मान खाली घालून ती काडी शोधायला लागते.

अशा वर्गांत मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं. मोठ्यांनी हात फिरवून देखणा करून दिलेला बैल घरी कौतुकाचा होतो, पण पोराच्या बोटांना त्यातून काही मिळत नाही.

शेजारच्या खोलीत सर पाचवीचे पाढे घेतायत. पट ३७, वर्ग ५, शिक्षक २. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. कलेसाठी अंशकालीन शिक्षकाची तरतूदही त्यात आहे, पण सहावी ते आठवीला, आणि पट शंभरावर असेल तर. धाकट्यांच्या वाट्याला तो येत नाही. ज्या वयात हात मातीकडे आपणहून धावतात, नेमकं त्याच वयात. सकाळी भागाकार शिकवणाऱ्या मॅडमच आता कोपरापर्यंत माखल्या आहेत.

रंगांवरून वाद पेटलाय. "हा देवणी आहे, ह्याला काळे ठिपके दे." "माझा लाल कंधारी. ह्याला गेरूच लागणार." वशिंड कुणीच विसरलेलं नाही.

खांबाशी एकजण ट्रॅक्टर करतोय.

"आमचे बैल विकले," तो न विचारताच सांगतो.

मॅडम क्षणभर थांबतात. "मागचं चाक मोठं असतं ना? आधी ते घे."

त्याने ते घेतलंच आहे. खिशातून तुटका कंगवा काढून तो चाकाच्या कडेला दाते दाबत जातो. टायरची नक्षी हुबेहूब उमटते. समोर बोनेटवर दोन इवले गोंडेही बसतात.

झालेले बैल खिडकीच्या कट्ट्यावर सावलीत लागतात. पहिलीतला एक आपला बैल हळूच उन्हात सरकवतो, त्याला घाई आहे. बहीण तो मागे घेते. "तडकंल की रं!" तो पुन्हा सरकवतो.

खिचडीचा वास येतो. हातपंपावर रांग लागते. एक दांडा मारतो, चौघे कोपरं घासतात, नखांतली माती काही निघत नाही. ताटं वाजू लागतात. तिसरीतला एकजण मात्र उठत नाही. त्याला बैलाला वेसण घालायचीय. माती ओली आहे तोवरच नाकाला भोक पाडायला हवं. तो खराट्यातली एक काडी ओढून काढतो, जाड निघते, टाकून देतो, दुसरी ओढतो.