पदवी हाती, नियुक्ती नाही : मधल्या काळातील कामाला कायदा काय म्हणतो?

इंदिरानगर (बेंगळुरू) : विद्यापीठातून बाहेर पडलेला, परंतु पूर्णवेळ नोकरी नसलेला तरुण काय करतो, या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे क्वचितच असते. बेंगळुरूच्या पूर्व भागातील इंदिरानगरात ते उत्तर उघड्यावर दिसते. चिन्मय मिशन रुग्णालय मार्गावरच्या मेट्रोखाली आणि शंभर फुटी रस्त्यावर कॉफीची दुकाने, सामायिक कार्यालये आणि लहान स्टार्टअप एकमेकांना लागून आहेत. कोणी सहा महिन्यांची इंटर्नशिप करतो, कोणी परदेशी ग्राहकासाठी संकेतस्थळ बांधून देतो, तर कोणी खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या ॲपवर संध्याकाळचे चार तास दुचाकी चालवतो. या वस्तीत राहणे त्यांतील बहुतेकांना परवडत नाही. निवास बहुधा जवळच्या दोम्मलूर, कोडिहळ्ळी किंवा तिप्पसंद्र येथील पेइंग गेस्ट खोल्यांत असतो.

या साऱ्यांना बेरोजगार म्हणावे काय? सरकारी मोजणीचे उत्तर ‘नाही’ असे आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या चालू साप्ताहिक स्थितीच्या निकषानुसार, मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी किमान एक तास काम केलेली व्यक्ती रोजगारात गणली जाते. हा निकष आंतरराष्ट्रीय असून त्यात काही वावगे नाही. मात्र आठवड्यातून दोन संध्याकाळी पार्सल पोहोचवणारा अभियंता आणि कायम नोकरीतला अभियंता त्यामुळे एकाच रकान्यात बसतात, हे आकडे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

तरीही आकडे बोलके आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या 2024 च्या भारत रोजगार अहवालानुसार, 2022 मध्ये तरुण पदवीधरांतील बेरोजगारीचे प्रमाण 29.1 टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते 3.4 टक्के होते. याचा अर्थ शिक्षणाने नोकरी जाते असा नव्हे. निरक्षर तरुणाला रिकामे बसणे परवडत नाही, म्हणून तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर काही काळ थांबू शकतो, कारण घरचे त्याला पोसत असतात. या प्रतीक्षेचा खर्च कुटुंब उचलते आणि तो कोणत्याही सर्वेक्षणात येत नाही.

प्रतीक्षेच्या काळातील कामाचे खरे कोडे त्याच्या कायदेशीर दर्जाचे आहे. एकाच कार्यालयात, एकाच टेबलावर बसून तेच काम करणारे तिघे कायद्याच्या दृष्टीने तीन वेगवेगळ्या व्यक्ती असू शकतात.

पहिला प्रशिक्षणार्थी उमेदवार. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आरंभी प्रामुख्याने कारखान्यांतील कुशल कारागिरांसाठी होता. 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते त्यात आले, पुढे इतर शाखांच्या पदवीधरांनाही वाव मिळाला. 2019 च्या नियमांनी पदवीधरास दरमहा किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरवले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते. 9,000 रुपयांत बेंगळुरूत महिना काढणे कठीण आहे. पण करार नोंदलेला असतो, मुदत ठरलेली असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. याच कायद्याचे कलम 18 मात्र स्पष्ट सांगते की, उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी नाही. कामावर असताना इजा झाल्यास भरपाईचा हक्क तेवढा राखून ठेवला आहे. वर्षभरानंतर कायम करण्याचे बंधनही मालकावर नाही.

दुसरा खासगी इंटर्न. याच्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही. विद्यावेतन द्यावे की नाही, किती द्यावे, कामाचे तास किती, हे सारे ईमेलवरच्या एका पत्रावर ठरते. काही कंपन्या ही रक्कम ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून देतात आणि वर्षाची रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास 10 टक्के टीडीएस कापतात. एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ही कपात परत मिळते. नव्याने कमावू लागलेले अनेक जण विवरणपत्र भरतच नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

तिसरा गिग कामगार. नीती आयोगाच्या जून 2022 च्या अहवालाने 2020-21 मध्ये देशात असे 77 लाख कामगार असल्याचा आणि 2029-30 पर्यंत ही संख्या 2.35 कोटी होईल असा अंदाज मांडला. राजस्थानने 2023 मध्ये त्यांच्यासाठी देशातील पहिला कायदा केला. कर्नाटकाने मे 2025 मध्ये अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर केले. प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्याच्या 1 ते 5 टक्के इतके कल्याण शुल्क ॲपचालक कंपनीने भरावयाचे आहे. कामावरून काढण्यापूर्वी लेखी कारण आणि 14 दिवसांची पूर्वसूचना आवश्यक आहे. हा कायदा दुचाकीस्वारांपुरता नाही. त्याच्या अनुसूचीत व्यावसायिक सेवा आणि आशय व माध्यम सेवाही आहेत, त्यामुळे ॲपमार्फत मजकूर किंवा संपादनाचे काम घेणारा पदवीधरही त्याच्या कक्षेत येऊ शकतो. थेट ग्राहकाकडून काम घेणारा फ्रीलान्सर मात्र बाहेरच राहतो.

आता सरकारी मदतीकडे वळू. कर्नाटकाच्या युवा निधी योजनेचे पहिले वाटप 12 जानेवारी 2024 रोजी शिवमोग्गा येथे झाले. पदवीनंतर सहा महिने नोकरी न मिळालेल्यास दरमहा 3,000 आणि पदविकाधारकास 1,500 रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे. यात एक पेच आहे. उच्च शिक्षण घेणारा किंवा शिकाऊ उमेदवारीचे वेतन घेणारा या भत्त्यास अपात्र ठरतो. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा प्रायोगिक टप्पा 3 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाला. तीत 21 ते 24 वयोगटाला वर्षभर दरमहा 5,000 रुपये आहेत. पण राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी आधीच पूर्ण केलेल्यास तिचे दार बंद होते. म्हणजे एका योजनेत पाऊल टाकले की दुसरीतून पाय निघतो. कोणती आधी घ्यावी, हा हिशेब पदवीच्या वर्षीच करावा लागतो आणि तो समजावून सांगणारे महाविद्यालयात सहसा कोणी नसते.

मराठी वाचकांसाठी याला आणखी एक पदर आहे. सांगलीहून सुटणाऱ्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरज, बेळगाव, धारवाडचे पदवीधर रातोरात बेंगळुरूला येतात. बेळगावचा मराठी तरुण कर्नाटकाचा अधिवासी असल्याने युवा निधीस पात्र ठरू शकतो. त्याच डब्यातला सांगलीचा तरुण ठरत नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. 2024 मध्ये आलेल्या या योजनेत पदवीधराला दरमहा 10,000 रुपये मिळतात, परंतु प्रशिक्षण महाराष्ट्रातील आस्थापनेतच घ्यावे लागते. आरंभी सहा महिन्यांची असलेली ही मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढली. बेंगळुरूतील इंटर्नशिपचे आकर्षण आणि गावाजवळच्या सरकारी कार्यालयातील निश्चित विद्यावेतन यांतून त्याला एकाची निवड करावी लागते.

पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे हजारो पदवीधर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावे की, त्यांच्या या काळाची नोंद कोणत्याच अनुभवपत्रावर होत नाही.

मधल्या काळातले काम पुढे उपयोगी पडावे, यासाठी कागद जपणे हाच आज हाती असलेला उपाय आहे. शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदला आहे का, हे रुजू होण्यापूर्वी तपासता येते. इंटर्नशिपच्या पत्रात मुदत, रक्कम आणि कामाचे स्वरूप लिहून घेता येते. ॲपवर काम करणाऱ्यास केंद्राच्या ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करून सार्वत्रिक खाते क्रमांक मिळवता येतो. या नोंदणीसाठी आधार क्रमांक लागतो.